रवंथ करणाऱ्या गुरांचा कोठा

लग्नसराईच्या दिवसांत ठाणें जिल्ह्यांत एक प्रकार वरचेवर घडतो. कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या मंगल कार्यालयांत शेवटची पंगत उठते आणि दोन-तीन पातेलीं भात उरतो. "फुकट कशाला घालवावयाचा? मुक्या जनावराच्या मुखीं पडला तर पुण्य तरी लागेल," असें म्हणून कोणी भला गृहस्थ तो टेम्पोंत घालून जवळच्या खेड्यांतील आप्ताकडे पाठवितो. गोठ्यांतली दुभती म्हैस त्या भातावर तुटून पडते आणि धनी कौतुकानें पाहत राहतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती म्हैस उठत नाहीं. डोळे खोल गेलेले, रवंथ बंद, शेण पातळ व आंबूस वासाचें. कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो पान लागलें. पशुवैद्य येऊन पोंचेपर्यंत कित्येकदां सर्व आटोपलेलें असतें.

भात ताजा होता, त्यांत विष नव्हतें. तोच भात दोनशें माणसें जेवून गेलीं व सुखरूप घरीं पोंचलीं. मग म्हैस कां गेली? ज्यास या प्रश्नाचें उत्तर नीट समजलें, त्यास गुरांच्या खाण्यापिण्याचें बहुतेक शास्त्र समजलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. तें उत्तर थोडक्यांत असें: गाय, म्हैस, शेळी व मेंढी हीं जनावरें चारा स्वतः पचवीत नाहींत. त्यांच्या पोटांत राहणारी सूक्ष्म जीवांची एक मोठी प्रजा तो त्यांच्याकरितां पचविते. धनी दावणींत जें टाकतो तें प्रथम या प्रजेचें अन्न असतें, गाईचें मागाहून. ही प्रजा सुखी तर जनावर सुखी. तिच्यावर एकाएकीं संकट आलें कीं जनावर गेलेंच. हें कसें तें क्रमानें पाहूं.

१. तोंड व रवंथ

गाईच्या तोंडांत वरच्या बाजूस पुढचे दांत नसतात हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. खालीं आठ दांत व वर कठीण हिरडी, अशी रचना असते. गाय जिभेनें गवताला वेढा घालते, दांत व हिरडी यांच्या चिमट्यांत तें धरते आणि मानेला हिसडा देऊन तोडते. घांस जेमतेम चावून ती गिळते. रानांतील तिच्या पूर्वजांस वाघाच्या भयानें उघड्या माळावर फार वेळ थांबतां येत नसे. घाईनें पोट भरावें आणि आडोशाला बसून निवांतपणें चावावें, ही रीत त्या काळची असावी असें शास्त्रज्ञ मानतात.

सावलींत बसल्यावर तिच्या गळ्यांतून एक गोळा वर चढतांना दिसतो. तो ती चाळीस ते साठ वेळां चावते, पुन्हां गिळते आणि क्षणभर थांबून दुसरा गोळा वर आणते. निरोगी गाय दिवसाचे सहा ते आठ तास या कामांत घालविते. हा वेळ आळसाचा आहे असें समजूं नये. चावण्यानें काडी बारीक होते हा त्याचा एक फायदा. दुसरा व अधिक महत्त्वाचा फायदा लाळेचा. मोठ्या दुभत्या गाईच्या तोंडांत एका दिवसांत १०० लिटरांहून अधिक लाळ सुटते आणि त्या लाळेंत खाण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार असतात. कोठ्यांत सतत आम्ल तयार होत असतें व त्यास ही लाळ उतारा देते. जितकी काडी अधिक तितका रवंथ अधिक, आणि जितका रवंथ अधिक तितकी लाळ अधिक. उलट शिजविलेला भात, पीठ किंवा बारीक भरडा यांस चावावें लागत नाहीं, म्हणून त्यांच्याबरोबर लाळही येत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

यावरून बैलवाल्यांस एक सूचना सहज मिळते. वैरण खाऊन होतांच बैल जुंपला तर त्याच्या रवंथाचा वेळ आपण कापून घेतों. चारा पोटांत असूनही तो अंगीं लागत नाहीं, आणि "बैल खातो पण भरत नाहीं" अशी तक्रार ऐकूं येते. आवणीच्या घाईंतही दुपारची विश्रांति चुकवूं नये.

२. चार कोठे

माणसाला जठर एक. गाईच्या पोटाचे भाग चार. त्यांतील पहिले तीन हे खऱ्या जठराच्या अलीकडील दालनें आहेत.

पहिला कोठा सर्वांत मोठा. शास्त्रज्ञ त्यास रूमेन म्हणतात. पोटाची जवळजवळ सारी डावी बाजू यानेंच व्यापलेली असते. मोठ्या गाईच्या चारही भागांत मिळून १०० ते २०० लिटर माल मावतो आणि त्यांतील सुमारें चार-पंचमांश जागा एकट्या या कोठ्याची असते. त्याच्या आंतल्या अंगाला टॉवेलासारखे केंसाळ अंकुर असतात व त्यांतून पचलेला रस रक्तांत शोषला जातो. हा कोठा एक-दोन मिनिटांच्या आंत घुसळल्यासारखा हलतो. वर हलक्या काडीचा तरंगता थर, खालीं पातळ रस व सर्वांच्या वर वायु, अशी त्याची अंतर्गत मांडणी असते.

दुसरा कोठा लहान. त्याच्या आंतल्या बाजूस मधाच्या पोळ्यासारखीं घरें असतात. त्यास रेटिक्युलम म्हणतात. पहिल्या व दुसऱ्या कोठ्यांत फक्त अर्धवट आड आहे, म्हणून माल इकडून तिकडे सहज जातो. रवंथाचा गोळा वर ढकलण्याचें काम या दुसऱ्या कोठ्यापासून सुरू होतें. खिळा, खडा, तार असें जें जड असेल तें याच घरांत जाऊन पडतें. तिसऱ्या कोठ्यांत, म्हणजे ओमासमांत, पोथीच्या पानांप्रमाणें एकावर एक पडदे असतात. तेथें पाणी शोषलें जातें व जाडीभरडी काडी अडते. चौथा भाग अबोमासम. हेंच खरें जठर. आपल्या जठरासारखें आम्ल व पाचक रस येथें सुटतात आणि त्यापुढें आंतडीं लागतात.

३. कोठ्यांतील प्रजा

गवत, पेंढा व कडबा यांचा सांगाडा ज्या द्रव्याचा बनलेला असतो त्यास सेल्युलोज म्हणतात. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. हें द्रव्य फोडणारा पाचक रस माणसाच्या पोटांत नाहीं, आणि आश्चर्याची गोष्ट ही कीं गाईच्या शरीरांतही तो तयार होत नाहीं. तो तयार करणारे जीव तिच्या पहिल्या कोठ्यांत बिऱ्हाड करून असतात. त्यांना तेथें सारें काहीं मिळतें: ३९ अंशांच्या आसपासची सारखी ऊब, अंधार, ओल, प्राणवायूचा अभाव आणि दिवसांतून अनेकदां येणारा चारा.

१८४३ मध्यें ग्रुबी व डेलाफों या दोघां शास्त्रज्ञांनीं फ्रान्समध्यें कोठ्यांतील रस सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तेव्हां त्यांस त्यांत पोहणारे एकपेशीय जीव दिसले. त्यांहून कितीतरी बारीक असे जंतु मात्र प्राणवायु लागतांच मरत, म्हणून ते बाहेर वाढवितां येत नसत. अमेरिकेंतील रॉबर्ट हंगेट यांनीं १९४० नंतरच्या काळांत ती अडचण दूर केली व कोठ्याचें खरें शास्त्र तेथून सुरू झालें. आज आपणांस ठाऊक आहे कीं कोठ्यांतील एका मिलिलिटर रसांत सुमारें एक हजार कोटी जंतु असतात. एकपेशीय जीव लाखांनीं मोजावे लागतात, आणि कठीण काडी फोडणाऱ्या बुरशीही तेथें आहेत.

हे जीव चारा कुजवितात. कुजणें हा शब्द येथें वाईट अर्थानें घेऊं नये. इडलीचें पीठ फुगतें तशीच ही क्रिया आहे. त्यांतून तीन प्रकारचीं आम्लें निघतात: अ‍ॅसेटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक. तीं कोठ्याच्या भिंतींतून थेट रक्तांत जातात. गाईला लागणाऱ्या एकंदर शक्तीपैकीं निम्म्याहून बरीच अधिक शक्ति या तीन आम्लांपासून मिळते. यांपैकीं अ‍ॅसेटिक आम्ल काडीपासून विशेष निघतें, आणि दुधांतील स्निग्धांश बनविण्यास तेंच लागतें. म्हणूनच वैरण कमी करून नुसतें आंबोण वाढविलें तर दूध कदाचित वाढेल, पण डेअरीच्या कांट्यावर फॅट घसरते. पुष्कळांस याचें कारण कळत नाहीं व ते विनाकारण गवळ्यावर पाणी घातल्याचा संशय घेतात.

कुजण्याच्या क्रियेंत वायुही निघतो. मोठी गाय एका दिवसांत २५० ते ५०० लिटर मिथेन वायु ढेंकरावाटे बाहेर टाकते. हा ढेंकर अडला तर डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते व फुप्फुसांवर दाब येऊन जनावर गुदमरतें. पोटफुगी म्हणतात ती हीच.

आतां या व्यवस्थेंतील सर्वांत मोठी खुबी पाहा. हे जीव वाढतात, मरतात व चाऱ्याबरोबर पुढें वाहत जाऊन चौथ्या भागांत, म्हणजे खऱ्या जठरांत, पोंचतात. तेथें गाय त्यांनाच पचविते. प्रजा राजाला कर देते आणि अखेरीस स्वतःही त्याच्या ताटांत जाते. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा हिस्सा असा या जीवांच्या शरीरांतून येतो. घोड्याच्या पोटांतही असा कारखाना आहे, पण तो जठराच्या पलीकडे, मोठ्या आंतड्यांत आहे. तेथील जीवांचीं प्रथिनें बहुतेक लिदीवाटे फुकट जातात. म्हणून निकृष्ट काडीवर बैल जसा तग धरतो तसा घोडा धरीत नाहीं.

फिनलंडचे शास्त्रज्ञ आर्तुरी व्हिर्तानेन यांस चारा टिकविण्याच्या संशोधनाबद्दल १९४५ मध्यें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं पुढें १९६० नंतर कांहीं गाई अशा चाऱ्यावर ठेविल्या कीं ज्यांत प्रथिनें जवळजवळ मुळींच नव्हतीं. नत्र होतें तें फक्त युरिया व अमोनियाच्या क्षारांचें. त्या गाईंनीं दूध दिलें. युरियापासून गाय प्रथिनें बनवूं शकत नाहीं. कोठ्यांतील जंतु बनवूं शकतात. वर सांगितलेल्या सिद्धांताचा याहून स्पष्ट पुरावा नको.

४. एकाएकीं बदल घातक कां?

या प्रजेंत अनेक जाती आहेत. काडी फोडणारे निराळे, पिष्ट खाणारे निराळे. गोठ्यांत जो चारा नेहमीं पडतो त्याप्रमाणें त्यांचें संख्याबळ ठरतें. चारा बदलला कीं तेंही बदलतें. पण त्यास दोन ते तीन आठवडे लागतात.

आतां लग्नाच्या भाताकडे परत येऊं. ती म्हैस पेंढ्यावर व थोड्या आंबोणावर होती, म्हणून तिच्या कोठ्यांत काडीचे जंतु अधिक होते. एका रात्रींत दहा-पंधरा किलो शिजलेला भात आंत गेला. भात म्हणजे केवळ पिष्ट, आणि शिजल्यामुळें तें कुजण्यास अगदीं सोपें झालेलें. चावणें नाहीं, म्हणून लाळेचा उताराही नाहीं. अशा वेळीं पिष्ट खाणारे कांहीं जंतु झपाट्यानें वाढून लॅक्टिक आम्ल तयार करूं लागले. तें आम्ल नेहमींच्या तीन आम्लांहून पुष्कळ तीव्र. त्यानें काडीचे जंतु व एकपेशीय जीव मेले, आणि कोठ्याची हालचाल थांबली. आम्लानें दाट झालेल्या त्या रसानें रक्तांतील पाणी कोठ्यांत ओढून घेतलें. डोळे खोल गेले ते यामुळें. शेवटीं आम्ल रक्तांत शिरलें. म्हशीला विषबाधा झाली हें खरें, पण तें विष तिच्याच पोटांत तयार झालें होतें.

भाताऐवजीं पुऱ्या, जिलबी, शिळ्या पोळ्या, गव्हाचें पीठ किंवा सुटून खाल्लेली धान्याची रास असली तरी परिणाम तोच. असें झाल्यास पिष्टाचा पदार्थ तत्काळ काढून घ्यावा, नुसतें कोरडें गवत पुढें ठेवावें व जनावर मलूल दिसण्याची वाट न पाहतां पशुवैद्यास बोलवावें. महाराष्ट्रांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकाकरितां १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे. खाण्याचा सोडा यावर उपयोगी पडतो, पण त्याचें प्रमाण वैद्यानेंच ठरवावें. पहिल्या कांहीं तासांत उपाय झाला तर जनावर वांचतें. तें आडवें पडल्यावर आशा थोडी.

आपल्या जिल्ह्यांत असा बदल वर्षांतून दोनदां निसर्गच घडवून आणतो. पहिला मृगाच्या पावसानंतर. सहा महिने कोरड्या पेंढ्यावर असलेलीं गुरें लुसलुशीत कोंवळ्या गवतावर तुटून पडतात. तें गवत बहुतांशी पाणीच असतें. हगवण लागते आणि ऐन नांगरणीच्या वेळीं बैल खंगतो. उपाय सोपा आहे: पहिले दहा-पंधरा दिवस सकाळीं पोटभर पेंढा घातल्यावरच गुरें रानांत सोडावींत. दुसरा बदल भात कापणीनंतर, शेतांतील ओलीवर केलेला वाल, हरभरा किंवा चवळी कोंवळी असतांना. दंव पडलेलें असें शेंगवर्गाचें रान उपाशीं गुरानें खाल्लें तर कोठ्यांत फेंस धरतो, ढेंकर सुटत नाहीं व पोट फुगतें. जनावर पुढचे पाय उंचावर येतील असें उभें करावें व पाव ते अर्धा लिटर गोडें तेल हळूहळू पाजावें. जीभ ओढून पाजूं नये, तेल श्वासनळींत जातें. फुगवटा वाढत असल्यास वैद्याशिवाय गत्यंतर नाहीं.

कोठ्यांतील रहिवासी बदलले म्हणजे काय होतें याचें एक उलट उदाहरण मनोरंजक आहे. सुबाभळीच्या पाल्यांत मिमोसिन नांवाचें द्रव्य असतें. ऑस्ट्रेलियांतील गुरांस तो पाला अधिक झाल्यास केंस गळत व गळा सुजे. हवाई बेटांतील जनावरांस मात्र तो बाधत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानें १९८० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं हवाईच्या शेळ्यांच्या कोठ्यांत मिमोसिनाचें विष मोडणारा एक जंतु आहे. तेथील कोठ्याचा रस ऑस्ट्रेलियांतील जनावरांस दिल्यावर तींही सुबाभूळ निर्धास्त खाऊं लागलीं. जनावर तेंच, पाला तोच. फक्त प्रजा बदलली.

५. भाताचा पेंढा

ठाणें जिल्हा भाताचा, म्हणून येथील गुरांचें मुख्य खाद्य पेंढा. वरकस जमिनीवरील गवताच्या गंज्या पूर्वीं मुंबईच्या तबेल्यांकडे विक्रीस जात, आणि घरच्या गुरांच्या वांट्यास पेंढाच येई. आतां कल्याण व अंबरनाथच्या बाजूस बरीच वरकस इमारतींखालीं गेली; राहिलेल्या गुरांस पेंढ्याशिवाय आधार उरला नाहीं.

पेंढ्यानें पोट भरतें, पण कोठ्यांतील प्रजेचें पोट भरत नाहीं. त्यांत प्रथिनें शेंकडा तीन-चारच असतात, आणि काडी फोडणाऱ्या जंतूंचें काम नीट चालण्यास एकंदर चाऱ्यांत शेंकडा सात-आठ तरी प्रथिनें लागतात. शिवाय पेंढ्यांत वाळूच्या जातीचें सिलिका बरेंच असतें. नुसत्या पेंढ्यावरील जनावराचे जंतु उपाशीं राहतात. ते काडी हळू फोडतात, कोठा लवकर रिकामा होत नाहीं, म्हणून जनावर आणखी खातही नाहीं. पोट मोठें आणि बरगड्या उघड्या, असें जें गुरूं चैत्र-वैशाखांत मुरबाड-शहापुराकडे दिसतें त्याचें हें कारण. त्यास अधिक पेंढा घालून उपयोग नाहीं. त्याच्या जंतूंना नत्र पाहिजे.

तें देण्याचे मार्ग तीन. पहिला, पेंढ्याबरोबर रोज थोडी पेंड, तुरीची चुणी किंवा शेंगवर्गाचा हिरवा पाला. एक-दोन किलो सुबाभूळ किंवा शेवरीचा पालाही पेंढ्याची किंमत वाढवितो. दुसरा, वरकसचें गवत वेळेवर कापणें. आपल्याकडे गवत बीं झडून पिवळें झाल्यावर कापण्याची चाल आहे, कारण तेव्हां वजन भरतें व वाळविण्याची चिंता नसते. पण फुलोऱ्यांत आलेल्या गवतांत जीं प्रथिनें असतात त्यांतील पुष्कळ तोंपर्यंत नाहींशीं झालेलीं असतात. विकण्याचें गवत कसेंही कापा. घरच्या गुरांकरितां एक पट्टा आश्विनांत उघडीप पाहून कापून ठेवा.

तिसरा मार्ग युरियाची प्रक्रिया. १०० किलो कोरड्या पेंढ्यास ४ किलो युरिया व सुमारें ५० लिटर पाणी हें प्रमाण. युरिया पाण्यांत पूर्ण विरघळवावा. पेंढ्याचा थर पसरून त्यावर झारीनें तें पाणी सारखें शिंपावें, थर पायानें दाबावा, त्यावर दुसरा थर. असा ढीग करून प्लास्टिकच्या कागदानें हवाबंद झांकावा व तीन आठवडे उघडूं नये. युरियाचा अमोनिया होऊन तो काडींत मुरतो. काडी मऊ पडते व तिच्यांतील प्रथिनांचें मान सुमारें दुप्पट होतें. काढलेला पेंढा तासभर हवेवर पसरून उग्र वास गेल्यावर घालावा, आणि तोही आठवडाभर थोडाथोडा वाढवीत. सहा महिन्यांखालील वासरांस व घोड्यांस तो देऊं नये. युरियाचें पाणी जनावराच्या तोंडाशीं कधींही येऊं देऊं नये. तें प्यालेलें जनावर तासा-दोन तासांत दगावूं शकतें. ज्यास माप काटेकोर ठेवतां येत नसेल त्यानें पहिल्या दोन मार्गांवर समाधान मानावें.

६. तार व प्लास्टिक

गाय ओठांनीं चाचपून खात नाहीं. जिभेच्या वेढ्यांत जें सांपडेल तें पोटांत जातें. बांधकामाच्या सळया आवळण्याची बारीक तार कल्याण, डोंबिवली व बदलापुराच्या आसपास आतां गवतागवतांत पडलेली असते. ती दुसऱ्या कोठ्यांत जाऊन बसते. हा कोठा हृदयाच्या अगदीं जवळ असतो; मध्यें एक पातळ पडदा. कोठा आकुंचन पावतांना तार पुढें रुततें, कधीं हृदयाच्या वेष्टनापर्यंत पोंचते. असें जनावर पाठ वांकवून, कोपर बाहेर काढून उभें राहतें, उतार उतरतांना कण्हतें व दूध एकदम तोडतें. कांहीं देशांत गाईस एक गुळगुळीत लोहचुंबक गिळवून ठेवतात. तें जन्मभर दुसऱ्या कोठ्यांत राहून तारा-खिळे धरून ठेवतें. आपणांस एवढें तरी करतां येईल कीं गोठ्याजवळ बांधकाम झाल्यावर चुंबक दोरीस बांधून अंगण व वैरणीची जागा फिरून घ्यावी.

प्लास्टिकची गोष्ट निराळी. तें टोंचत नाहीं, पण कोणताही जंतु तें फोडीत नाहीं, आणि तें पुढेंही सरकत नाहीं. पिशवींत बांधून टाकलेलें उष्टें अन्न गाय पिशवीसकट गिळते. पिशव्यांची वळकटी होऊन वर्षानुवर्षें कोठा व्यापून बसते. शस्त्रक्रियेनें अशा गाईंच्या कोठ्यांतून वीस-तीस किलो प्लास्टिक काढल्याचे प्रसंग पशुवैद्यांस नवीन नाहींत. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें पातळ पिशव्यांवर बंदी घातली, तरी कचऱ्याच्या ढिगावर त्या दिसतातच. धार काढून झाल्यावर गाय शहराकडे मोकळी सोडणें म्हणजे चाऱ्याची बचत नव्हे. तो तिच्या कोठ्याचा हळूहळू केलेला लिलाव आहे.

७. वासरूं

नुकतें जन्मलेलें वासरूं रवंथ करीत नाहीं. त्याचा पहिला कोठा लहान व निकामी असतो. तें आंचळ चोखतें तेव्हां अन्ननलिकेच्या शेवटीं एक पन्हळ मिटून नळी बनते व दूध थेट चौथ्या भागांत जातें. म्हणून पहिल्या महिन्यांत दूध हेंच त्याचें अन्न. त्यांतही चीक अत्यावश्यक. चिकांतील रोगप्रतिकारक द्रव्यें वासराच्या आंतड्यांतून पहिल्या दिवसापर्यंतच शोषलीं जातात, आणि तींही पहिल्या कांहीं तासांत सर्वांत अधिक. वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पहिल्या दिवसांत त्याच्या पोटांत गेला पाहिजे. त्यानंतर उरेल त्याचा खरवस. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्यापुढें थोडें मऊ गवत व भरडा ठेवावा. तो चघळतां चघळतां, आईच्या चाटण्यानें व गोठ्यांतील इतर गुरांच्या सहवासानें, जंतूंची प्रजा त्याच्या कोठ्यांत वस्तीस येते व कोठा वाढूं लागतो.

८. रोजची परीक्षा

कोठा नीट चालला आहे कीं नाहीं हें पाहण्यास यंत्र नको. गुरें निवांत बसलीं असतां निम्म्याहून अधिक रवंथ करीत आहेत काय, हें सायंकाळीं पाहावें. शंका आल्यास जनावराच्या डाव्या कुशींतील खळग्यांत मूठ दाबून दोन मिनिटें धरावी. आंतून दोन-चार वेळां मूठ उचलली गेली तर कोठा चालू आहे. खळगा आंत ओढलेला असेल तर जनावर जेवलेलें नाहीं. ताठ फुगलेला असेल तर वायु अडला आहे. शेण फार पातळ व आंबूस असल्यास पिष्ट जास्त झालें. कडक व थरांचें असल्यास पाणी किंवा नत्र कमी पडलें. दाणे जसेचे तसे बाहेर येत असल्यास भरडा नीट भरडलेला नाहीं.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतों आणि घरोघरीं गोग्रास काढतों. ग्रास म्हणजे घांस; पातेलें नव्हे. ज्यांनीं हा शब्द योजिला त्यांनीं माप आधींच घालून दिलें आहे. तेव्हां पुढच्या लग्नांत भात उरला तर तो गोठ्यांत न पाठवितां गरजू माणसांच्या मुखीं पाडावा, किंवा खताच्या खड्ड्यांत घालावा. म्हशीस द्यावयाचाच असेल तर तिच्या रोजच्या आंबोणांत ओंजळभर मिसळून द्यावा. आणि त्याच्या आधीं तिच्यापुढें पोटभर पेंढा टाकावा.